पिझ्झ्यातला ‘झ’ आणि ‘लाटे’तला ‘ट’: इटालियन खाद्यशब्दांच्या उच्चारांची पार्श्वभूमी

इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ मध्ये झाले, तेव्हा तिथले बहुतांश लोक घरी आपापली बोलीच बोलत असत आणि एकाच पदार्थाला प्रांतोप्रांती निरनिराळी नावे होती. १८९१ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका निवृत्त व्यापाऱ्याने स्वखर्चाने छापलेले पाककृतींचे पुस्तक पुढे घरोघर पोहोचले आणि स्वयंपाकाच्या शब्दांना बरीच एकवाक्यता आली. लेखनाचा नियम मात्र त्याहून जुना आहे. ‘सी’ या अक्षरापुढे ‘इ’ किंवा ‘ए’ हा स्वर आला की त्याचा ‘च’ होतो, आणि तिथे ‘क’च हवा असेल तर मध्ये ‘एच’ घालतात. भाजलेल्या पावाच्या एका पदार्थाच्या नावात ‘सी’ आणि ‘ए’ यांच्यामध्ये असा ‘एच’ आहे, म्हणूनच त्याचा ‘ब्रुशेटा’ हा उच्चार चुकीचा असून ‘ब्रुस्केत्ता’ हा बरोबर आहे.

१८८० नंतरच्या चार दशकांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुसंख्य दक्षिणेकडचे होते आणि त्यांच्या बोलींत शब्दाचा शेवटचा स्वर पुसट होत असल्याने ‘मोत्सारेल्ला’ या चीजच्या नावाचे तिकडे ‘मुत्सादेल’ झाले. अर्थही सरकले. अमेरिकेत ‘पेपरोनी’ म्हणजे तिखट सॉसेज, तर इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरच्या.

भारतात १९९६ पासून परदेशी पिझ्झा साखळ्यांची दुकाने उघडली आणि हे शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने रुळले. मराठीतला खरा घोळ इथला आहे. इंग्रजी बोलणारेही ‘पीट्सा’ म्हणत असताना आपण रोमन लिपीतल्या दोन ‘झेड’ पाहून ‘पिझ्झा’ लिहिले. मूळ उच्चार ‘पित्सा’ आहे, आणि त्यातला ‘त्स’ आपल्याला परका नाही. ‘चहा’ आणि ‘चमचा’ हे शब्द लागोपाठ उच्चारून पाहावेत. ‘चमचा’तल्या ‘च’साठी जीभ जिथे दातांमागे टेकते, तिथेच इटालियन माणसाची ‘पित्सा’ म्हणताना टेकते. आपली लिपी हे दोन ‘च’ वेगळे दाखवत नाही, एवढीच अडचण. ‘पिझ्झा’ आता इतका रुजला आहे की तो बदलण्याचा आग्रह व्यर्थ ठरेल.

‘ट’ची पाठराखण मात्र करता येत नाही. इटालियन ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, तरीही दुधाळ कॉफीला ‘लाटे’ आणि भाताच्या पदार्थाला ‘रिसोटो’ असे लिहिणे म्हणजे हाताशी असलेले नेमके अक्षर सोडून इंग्रजीचा उच्चार उसना घेणे होय. ‘लात्ते’चा अर्थ दूध, इटलीत नुसते ‘लात्ते’ मागितले तर कॉफी न येता दुधाचा पेला समोर येतो. द्वित्ताची, म्हणजे एकच व्यंजन दुहेरी उच्चारण्याची, सोयही आपल्याकडे जोडाक्षरात तयार आहे आणि तिचे महत्त्व मोठे आहे, कारण इटालियनमध्ये ‘पापा’ म्हणजे पोप आणि ‘पाप्पा’ म्हणजे बाळाला भरवायचा मऊ घास.