सकाळचं फिरणं आणि जेवणानंतरची शतपावली: एकाचं माप दुसऱ्याला लावू नका

‘मी रोज पहाटे तासभर फिरतो, तरी पीपी (जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली रक्तातली साखर) उतरत नाही.’ ‘फिरून आल्यावर शुगर उलट वाढलेली दिसते, म्हणजे चालणं मला मानवत नाही.’ ही दोन वाक्यं मी इतक्या जणांकडून ऐकली आहेत, की समोरचा बोलायला लागला की पुढचं मला ठाऊक असतं. दोन्हींच्या मुळाशी घोळ एकच. सकाळी काय आणि जेवल्यावर काय, चालतात ते पायच, म्हणून दोन्ही एकच असं लोक धरून चालतात. टाइप २ डायबेटिस असलेल्यांसाठी मात्र ती दोन वेगळी कामं आहेत.

सकाळचं फिरणं तुम्हाला ठाऊक आहेच. बूट घालून, जरा झपझप, अर्धा-पाऊण तास. आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. बूट की चपला, बाग की गच्ची, हे फरक किरकोळ आहेत. पायांची संवेदना कमी झाली असेल तर बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा, एवढं पुरे.

लोक अडखळतात ते घरी साखर मोजायच्या मीटरपाशी. माझ्या आईला चौदा वर्षं डायबेटिस आहे. तिच्या वहीतली एक नोंद अशी: सव्वासहाला, उठल्या उठल्या १२८, सातला, फिरून आल्यावर, १५१. मधे चहाचा घोटसुद्धा नाही. वही माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, ‘बघ, चालून चालून साखर वाढवतेय मी.’ आणि दुसऱ्या दिवसापासून चालणं बंद केलं. चांगले तीन आठवडे घालवले तिने त्यात.

काय झालं होतं? पहाटे शरीर उठायच्या तयारीत असतं. कॉर्टिसॉल आणि इतर संप्रेरकं वाढलेली असतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत असतं. त्यात आपण उपाशीपोटी भरभर चालायला लागतो. स्नायूंना इंधन हवं, पोटात काही नाही, म्हणून यकृत हात आणखी सैल सोडतं. स्नायू ओढतात त्यापेक्षा यकृताने जास्त ओतलं, तर आकडा वर जातो. सगळ्यांचाच जातो असं नाही, काहींचा उतरतोही. पण अशी वाढ बहुतेक वेळा तासा-दोन तासांत ओसरते. त्या चालण्याचा खरा फायदा त्या आकड्यात नसतोच. चालून झाल्यावर पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त, शरीर इन्सुलिनला बरा प्रतिसाद देतं. तो फायदा दिसतो तो आठवड्यांच्या सरासरीत आणि एचबीएवनसीत, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीत. फिरून आल्या आल्या टोचून बघणं म्हणजे पेरणी झाल्याच्या संध्याकाळी पीक मोजायला जाणं. फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, बघायची तर उठल्या उठल्या बघा, फिरायच्या आधी.

आता शतपावली. तिचं काम अगदी समोरचं आहे. जेवल्यावर भाताची, पोळीची साखर रक्तात चढत असते, साधारण तासा-दीड तासात ती टोकाला पोचते, आणि शतपावली तिला चढतानाच गाठते. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारी ग्लुट-४ नावाची वाहकं असतात. एरवी ती पेशीच्या आत असतात आणि इन्सुलिनने हाक मारली की पृष्ठभागावर येतात. टाइप २ मध्ये ही हाक नीट ऐकू जात नाही. पण स्नायू आकुंचन पावले, की हीच वाहकं इन्सुलिनच्या हाकेशिवायही वर येतात, आणि तो मार्ग डायबेटिसमध्येही शाबूत असतो. मला या सगळ्या विषयात याहून दिलासा देणारी दुसरी गोष्ट माहीत नाही.

म्हणूनच सकाळच्या तासभर चालण्याच्या जोरावर दुपारी भात खाऊन आडवं होणाऱ्यांची पीपी चढते. सकाळच्या मेहनतीने थोडी मदत होते, पण त्या भाताच्या वेळी पाय थांबलेले असतात. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ असलेल्या ४१ जणांवर हेच तपासलं. ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं, की प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं? जेवणानंतर चालण्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. आपल्याकडे तर रात्रीचं जेवण साडेनऊला, मग मालिका, मग अंथरूण. माझं स्पष्ट मत आहे: दिवसाला अर्धाच तास मिळत असेल तर त्याचे तीन तुकडे करा, आणि रात्रीचा तुकडा कधीच सोडू नका.

मात्र शतपावली या शब्दाने आपलं एक नुकसान केलं आहे. लोक खरंच शंभर पावलं मोजतात. गॅलरी ते स्वयंपाकघर चार खेपा, की झालं. शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर. दहा मिनिटं म्हणजे हजारेक पावलं, तेवढी घाला. वेग गप्पा मारता येतील इतकाच, आणि सुरुवात जेवून अर्ध्या तासाच्या आत. ओटा आवरला की निघावं.

औषधांबाबत हयगय नको. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर चालण्याने सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची उतरू शकते. सकाळची गोळी घेऊन उपाशीच फिरायला जाणारे काका मला दिसतात तेव्हा काळजी वाटते. ही गोळी नाश्त्याबरोबरची आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी टोचून बघावं; ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावं. घाम, थरथर, धडधड जाणवली की थांबा. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

आईला हे पटवायला बोलणं पुरलं नाही. मग आम्ही दोन संध्याकाळी तोच बेत केला: दोन वाट्या भात, आमटी, कोबीची भाजी. पहिल्या दिवशी ती जेवून बसून राहिली, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं सोसायटीला फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी टोचलं. वहीत लागोपाठ दोन ओळी आहेत: २१४, १७३. दुसऱ्या आकड्याभोवती तिने लाल पेनाने गोल केला आहे.