बातमीचा धनी कोण?

मराठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक मजकूर असतो. मालक अमुक, मुद्रक-प्रकाशक तमुक, छापखान्याचा पत्ता, आणि संपादकाच्या नावाजवळ, अगदी अलीकडेपर्यंत, ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’. हा मजकूर सहसा कोणी वाचत नाही. तो तिथे आला १८६७ च्या ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’ म्हणजे पीआरबी कायद्यामुळे; २०२४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव असलंच पाहिजे, असा तो कायदा होता. इंग्रज सरकारला हवी होती ती माणसं पकडायची सोय. पण त्यातून वाचकालाही एक गोष्ट मिळाली: बातमी खोटी निघाली तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेलं असे. कोणत्या बातमीवर विश्वास ठेवावा, या आजच्या भांडणाची पाळंमुळं मला या जबाबदारीच्या प्रश्नात दिसतात. तो प्रश्न छापखान्याहून जुना आहे.

पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते, माळव्यात भेलशाजवळ होते. पराभवाची बातमी त्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा सांकेतिक भाषेत ते लिहिलेलं होतं. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. दरबारांचे वकील, अखबारनवीस, जासूद असं सगळं जाळं असताना पेढीचं पत्र आधी पोहोचलं, आणि त्यावर विश्वासही बसला. त्याचं कारण उघड आहे. सावकाराची हुंडी त्या बातमीवर अवलंबून होती. बातमी चुकली तर पैसे त्याचेच बुडणार होते.

तरीही सगळ्यांचा विश्वास बसला नाही. भाऊसाहेबांच्या मृत्यूबद्दल शंका राहिली. पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला कधीच विधवा मानलं नाही. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. पकडून रत्नागिरीला कैदेत ठेवलेला हा माणूस १७७६ मध्ये सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारोंची फौज त्याच्यामागे जमली. पानिपताला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. अखेर त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. एका बातमीचा पक्का निकाल लागला नाही, आणि त्या फटीतून एक बंड शिरलं. अफवेचा इतिहास सांगताना आपण थेट मोबाइलपासून सुरुवात करतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. ते १८४० पर्यंत चाललं. पाठोपाठ नगरला मिशनऱ्यांचा ‘ज्ञानोदय’, मुंबईत भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’, पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’. ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, स्वतःच्या नावाने लिहिणं अवघड होतं. लिहिणारा पडद्याआड असला तरी संपादक समोर उभा होता. निनावी मजकूर आणि बेवारशी मजकूर यांतला हा फरक महत्त्वाचा आहे.

१८८२ चं कोल्हापूर प्रकरण तर मला या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतं. ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजी महाराज यांचा छळ होतोय, असं आरोपांचं वादळ उठलेलं होतं. दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या हाती आली, आणि ती छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोर्टात कागद बनावट ठरले. टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात भोगली. सूट मिळून १०१ दिवसांनी ते बाहेर आले. त्याआधी जामिनासाठी महात्मा फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना पुढे केलं होतं. विचारांनी दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाने केलेली ही मदत विसरण्यासारखी नाही.

बनावट कागद छापणाऱ्या पत्राची पत खरं तर बुडायला हवी होती. झालं उलटंच. सुटून आलेल्या संपादकांचं लोकांनी स्वागत केलं आणि ‘केसरी’ वाढत गेला. देशभक्तीची लाट हे एक कारण झालं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, महाराज अहमदनगरला देखरेखीखाली असताना झटापटीत मरण पावले, त्यामुळे मूळ तक्रारीत तथ्य होतं ही लोकभावनाही पक्की झाली. माझ्या मते आणखी एक कारण आहे. छापलेल्या शब्दाची किंमत संपादकांनी स्वतः मोजली होती, आणि ती वाचकाने डोळ्यांनी पाहिली होती. अर्थात याचा धोकाही कळतो. किंमत मोजणारा माणूस खराच असेल, असं आपण धरून चालतो, आणि बनावट कागद बाजूला राहतो.

रेडिओने हे नातं बदललं. आकाशवाणीच्या बातम्यांमागे संपादकाचं नाव नव्हतं, सरकार होतं. कोट्यवधी लोकांना तेवढी खात्री पुरेशी वाटे. आणीबाणीत ती ढासळली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, म्हणून लोक रात्री कान लावून बीबीसी ऐकत. आणीबाणी उठल्यावर, नवं सरकार आल्यावरही एक भयंकर चूक झालीच. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण गेल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जाहीर केलं. आकाशवाणीने ती बातमी दिली, दुकानं-शाळा बंद झाल्या. जयप्रकाशजी मुंबईत जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. देशाच्या पंतप्रधानाने सभागृहात सांगितलेली आणि सरकारी रेडिओने दिलेली बातमी खोटी निघाली, आणि खरं काय ते मुंबईतल्या एका रुग्णालयात जाऊन कोणालाही कळू शकत होतं. पद कितीही मोठं असो, विचारून खात्री करण्याचं काम त्याने टळत नाही.

वर्तमानपत्रांवरचा विश्वास मात्र आतूनच पोखरला गेला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पॅकेज’ हा शब्द सर्रास ऐकू येऊ लागला. पैसे भरा, सभेची बातमी घ्या, मुलाखत घ्या, विरोधकाचं नाव गाळून घ्या. एकाच नेत्याची तोंड भरून स्तुती करणारा सारखाच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत वेगवेगळ्या नावांखाली छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे चव्हाट्यावर आणलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला, तर तो पूर्ण प्रसिद्ध करायलाच कौन्सिल तयार नव्हतं. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो बाहेर आला. यात तालुक्याचा वार्ताहर भरडला गेला, हे सांगायलाच हवं. बातमीचं मानधन नावापुरतं, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरुद्ध बातमी तो कशी देणार? शेवटच्या पानावर जबाबदार माणसाचं नाव पूर्वीसारखंच छापलेलं होतं, पण आतल्या बातमीचे पैसे तिसऱ्यानेच दिलेले होते.

मग फोन आला. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच जण गेले. त्या महिन्यांत मुलं पळवण्याच्या अफवा देशभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. सोबतचा एक व्हिडिओ तर कराचीत बनवलेल्या, मुलांच्या सुरक्षेसाठीच्या जनजागृतीपटातला होता. शेवटचा संदेश कापून टाकला, आणि तो पुरावा झाला. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या मजकुरावर खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. पण १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघे मारले गेले.

फॉरवर्डमध्ये पाठवणारा ओळखीचा असतो: मामा, शेजारी, शाळेतला मित्र. त्यामुळे विश्वास आपोआप बसतो. पण त्याने ते पाहिलेलं नसतं, त्याचं काही पणाला लागलेलं नसतं, आणि चुकलं तर तो म्हणतो, ‘मला आलं तसं पाठवलं.’

आता न्यायालयांत हेच प्रश्न चाललेत. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी हे केंद्राचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवील, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो रद्द ठरला. ते योग्यच झालं असं मला वाटतं. स्वतःबद्दलच्या बातमीचा निवाडा सरकारने करावा, हे कोल्हापूरच्या दिवाणालाही मिळालं नव्हतं, त्यालाही कोर्टात जावं लागलं होतं. दुसरा वाद मजकुराचा पहिला पाठवणारा शोधून देण्याच्या २०२१ च्या नियमाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, कारण त्यासाठी सगळ्यांच्याच खासगी संभाषणाचं कुलूप तोडावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. पहिला माणूस सापडलाच, तरी तो संदेश शेवटच्या गावापर्यंत नेणारे हात त्याचे नव्हते. वर्तमानपत्राला कायद्याने नाव छापायला लावता आलं. हजारो हातांतून फिरणाऱ्या या मजकुरावर कोणाचं नाव घालायचं, हे अजून कोणत्याही कायद्याला जमलेलं नाही.