जुनी इन्क्वेस्ट पुन्हा उघडायची आहे? कागद आणण्याआधी हे वाचा

‘सरकार पैसे देतं ना?’ आम्ही मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करतो; इंग्लंड-वेल्समधली जुनी इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूच्या कारणाची कोर्टातली चौकशी, पुन्हा उघडू पाहणाऱ्यांचा फोन उचलला की हल्ली पहिला प्रश्न हाच. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवतो.

कॉरोनरच्या (ही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कोर्टाचा खर्च स्थानिक कौन्सिल करते, त्याचं बिल तुम्हाला येत नाही. अडतं ते वकिलाच्या फीवर. लीगल एड (वकिलासाठीची सरकारी मदत) इथे आपोआप मिळत नाही, ‘अपवादात्मक प्रकरण’ म्हणून मागावी लागते. सुनावणीतल्या वकिलासाठी ती देताना २०२२ पासून घरची मिळकत मात्र पाहत नाहीत. सगळे हिल्सबरोचा दाखला देतात. १९८९ ची शेफील्डच्या फुटबॉल मैदानावरची चेंगराचेंगरी, १९९१ चा ‘अपघाती मृत्यू’चा निकाल २०१२ मध्ये हायकोर्टाने रद्द केला, २०१४ ते २०१६ वॉरिंग्टनला नव्याने इन्क्वेस्ट झाली आणि कुटुंबांच्या वकिलांचा खर्च सरकारने उचलला. खरं आहे. पण त्यामागे ९६ जणांच्या घरच्यांचा वीस-बावीस वर्षांचा झगडा होता. आपल्या मामांसाठी तशी खास तजवीज होईल, असं धरून चालू नका.

इंग्लंड-वेल्समध्ये इन्क्वेस्ट पुन्हा उघडायला आधी ॲटर्नी जनरलची (सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराची) परवानगी, मग हायकोर्टाचा हुकूम. (स्कॉटलंडला कॉरोनरच नाही, तिथलं सगळं वेगळं.) बहुतेक वेळा गाडी नव्या पुराव्यापाशी थांबते, आणि आपल्या लोकांचा पुरावा ट्रंकेतल्या मराठी पत्रांत असतो. तिथे आमचं काम सुरू होतं.

आणि तिथेच घोळ होतो. लोक महत्त्वाच्या ओळींवर पिवळी खूण करतात, तेवढ्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि म्हणतात, ‘एवढंच करा, पैसे वाचतील.’ एका ताईंनी असंच निळ्या आंतरदेशीय पत्रातल्या तीन ओळींचं भाषांतर हट्टाने करून घेतलं. सॉलिसिटरने (त्यांच्या वकिलाने) परत पाठवलं: बाकीचं कुठे आहे? अख्खं पत्र आलं तेव्हा दुमडायच्या कडेवर आडवा लिहिलेला ताजा कलम सापडला. डॉक्टरकडे नेल्याचा वार त्यातच होता! सहा आठवडे गेले, आणि पैसे दोनदा.

तेव्हापासून आम्ही अर्धं पान घेत नाही. यात जास्त बिल करायचा डाव नाही. ‘भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे’ या दाखल्यावर सही आमची असते. तुकड्यावर ती करता येत नाही.

मूळ पत्र आणा, लिफाफ्यासकट, पोस्टाचा शिक्का तारीख सांगतो. लॅमिनेट करू नका. पहिल्या इन्क्वेस्टच्या निकालाची प्रत असेल तर तीही आणा, नावांचं स्पेलिंग जुळवता येतं. लीगल एड मंजूर असेल तर आमची फी त्यातून मागता येते का, हे सॉलिसिटरला काम देण्याआधी विचारा. अंदाजपत्रक आम्ही फुकट देतो. मोडी किंवा पुसट अक्षरही वाचतो, त्याचा दर वेगळा.

शनिवारी येणार असाल तर आधी फोन करा. स्कॅनर एकच आहे.