मीठ कोण फोडतं?

पेलाभर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात एकमेकींना न टेकणाऱ्या दोन तारा, मध्ये बॅटरी आणि एक छोटा एलईडी. एलईडी ढिम्म. पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळलं की तो उजळतो. हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि त्याखाली वहीत एक ओळ उतरवलेली असते : पाण्यात मिठाचं आयनांत विघटन होतं, म्हणून वीज वाहते. ओळ तशी ठीक आहे. फक्त त्या ‘विघटन’ शब्दावरून शास्त्रज्ञांत पाऊणशेहून अधिक वर्षं वाद चालू होता, हे वहीत लिहिलेलं नसतं.

आधी फरक केवढा आहे ते पाहू. अगदी शुद्ध पाण्याचा एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भरतो सुमारे 1 कोटी 82 लाख ओहम. समुद्राच्या पाण्याचा तेवढाच घन घेतला तर साधारण 20 ओहम. म्हणजे ‘पाणी विजेचं वाहक असतं’ हे आपण सर्रास म्हणतो, ते खरं म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांबद्दल असतं. (म्हणून ओल्या हातांनी स्विचला हात लावावा असं मात्र नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि घामात तर मीठच असतं.)

तांब्याच्या तारेत वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. पाण्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे विद्युतप्रभार वाहून नेणारं दुसरं कोणीतरी लागतं. त्या ‘कोणीतरी’ला मायकेल फॅरेडे यांनी 1834 मध्ये नाव दिलं आयन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, जाणारा. पण फॅरेडे यांची समजूत अशी होती की हे आयन विजेमुळेच तयार होतात, म्हणजे प्रवाह सोडला की तो मिठाचे रेणू फोडतो.

यात एक अडचण होती. रेणू फोडायला जोर लागत असेल, तर व्होल्टेज अमुक एका मर्यादेपेक्षा कमी असताना काहीच वाहू नये. पण दिशा सतत बदलणारा प्रवाह वापरून, द्रावणात बुडवलेल्या तारांपाशी होणाऱ्या गडबडी टाळून मोजमाप केलं, तर क्षारांची द्रावणं अगदी किरकोळ व्होल्टेजलाही निमूटपणे ओहमचा नियम पाळतात, म्हणजे जेवढं व्होल्टेज त्या प्रमाणात प्रवाह. याचा अर्थ वाहणारे आधीच तयार होते.

हे ठामपणे मांडलं स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी. 1884 मध्ये, पंचविशीत, त्यांनी उप्साला विद्यापीठात या विषयावर प्रबंध सादर केला आणि परीक्षकांनी त्यांना जेमतेम श्रेणी देऊन वाटेला लावलं. पुढे त्यांच्या मदतीला एक वेगळाच पुरावा आला. पाण्यात काहीही विरघळवलं की ते शून्याच्या खाली गोठतं, आणि किती खाली ते कणांच्या संख्येवर ठरतं. साखरेच्या रेणूंइतक्याच संख्येने मिठाचे ‘रेणू’ विरघळवले, तर घसरण जवळजवळ दुप्पट होते. एका मिठाचे दोन कण झाल्याशिवाय हे कसं व्हावं? साखर विरघळते, पण तिचा रेणू अख्खा राहतो आणि त्यावर प्रभारही नसतो. म्हणून साखरपाण्यात एलईडी लागत नाही. 1903 चं रसायनशास्त्राचं नोबेल अऱ्हेनियस यांना मिळालं ते याच कामासाठी.

म्हणजे मिठाला पाणी फोडतं? तेही पुरतं खरं नव्हतं. 1913 मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या मदतीने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा आत मिठाचा रेणू सापडलाच नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि कोणाची जोडी कोणाशी हे सांगताच येत नाही. ही बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी हेन्री आर्मस्ट्राँग या नामवंत रसायनशास्त्रज्ञाला इतकी झोंबली, की 1927 मध्ये त्यांनी ‘नेचर’ला खरमरीत पत्र लिहिलं. शीर्षक होतं, ‘बिचारं मीठ!’ पण मीठ तसंच होतं. धन सोडियम आणि ऋण क्लोराइड हे आयन कोरड्या खड्यातही हजर असतात, फक्त जागेवर जखडलेले.

पाणी करतं ते एवढंच, की त्यांना सोडवतं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. हे रेणू आयनाभोवती कोंडाळं करतात आणि पाण्यात दोन आयनांमधलं आकर्षण सुमारे 80 पटींनी कमी होतं. मग बॅटरी जोडली की सोडियम ऋणाग्राकडे (बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या तारेकडे) आणि क्लोराइड धनाग्राकडे (धन टोकाकडच्या तारेकडे) सरकतात.

सरकतात हाच शब्द योग्य आहे. सेंटिमीटरला एक व्होल्ट एवढं व्होल्टेज लावलं तर सोडियम आयन तासाभरात दोन सेंटिमीटरही जात नाही. क्लोराइड आकाराने मोठा, तरी त्याच्या दीडपट वेगाने जातो. कारण सोडियम छोटा असला तरी पाण्याचे रेणू घट्ट धरून ते लटांबर ओढत फिरतो. एवढ्या मंद चालीने एलईडी लगेच कसा पेटतो? कारण कोणा एका आयनाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं नसतं. बॅटरी जोडताच सगळी रांग एकदम हलते, आणि रांग लहान नाही : समुद्राच्या पाण्याच्या एका थेंबात सोडियमचे आयन आहेत जवळपास 15 वर 18 शून्यं इतके.

तारांपाशी मात्र आयनांची हद्द संपते आणि इलेक्ट्रॉनांची सुरू होते. तिथे देवाणघेवाण रसायनानेच होते. ऋणाग्रावर पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, धनाग्र ग्रॅफाइटचं असेल तर क्लोरीन सुटतो. हा वायू विषारी असतो, त्यामुळे प्रयोग थोडक्यात आणि मोकळ्या हवेत उरकावा. धनाग्राला तांब्याची तार लावली, तर ती स्वतःच झिजत जाते आणि पाणी हिरवटसर गढूळ होतं.

आणि सोडवायला पाणीच हवं असंही नाही. मीठ 801 अंशांवर वितळतं, तेव्हा पाण्याचा थेंबही नसताना त्यातून वीज समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते. कारखान्यांत सोडियम धातू काढतात तो अशाच वितळलेल्या मिठातून, फक्त एवढं तापवावं लागू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात.