रहस्यकथा आणि मानसशास्त्रीय थरारकादंबरी : घरातल्या गुपिताच्या दोन वाटा

कुटुंबाने वर्षानुवर्षे दडवून ठेवलेले गुपित कादंबरीच्या केंद्रस्थानी असले, की तिला सरसकट रहस्यकथा म्हटले जाते. मुखपृष्ठावर तेच अंधारलेले घर असते आणि मलपृष्ठावर शेवटच्या धक्क्याचे तेच आश्वासन असते, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. परंतु रहस्यकथेची अपेक्षा धरून मानसशास्त्रीय थरारकादंबरी हाती घेणारा वाचक बहुधा मध्यावरच कंटाळतो आणि दोष पुस्तकाला देतो, हे मला अन्यायाचे वाटते.

ब्रिटिश लेखक आणि धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, मात्र ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले आहेत, अशी व्यक्ती गुन्हेगार असता कामा नये, हा त्यांतला पहिला नियम. रहस्यकथा वाचकाशी जो करार करते, तो या एका वाक्यात आला आहे. सगळे दुवे वाचकासमोर ठेवलेले असतात आणि ते जुळवणाऱ्याच्या बुद्धीवर भरवसा ठेवता येतो. मानसशास्त्रीय थरारकादंबरी नेमका हाच करार मोडून उभी राहते. ती आपल्याला ज्या मनात नेऊन बसवते, ते मनच संशयास्पद असते.

एक प्रसंग कल्पून पाहू. आईवडिलांच्या घरी परतलेली एक मुलगी दाराच्या चौकटीवरचा सुटलेला रंग खरवडते. खाली पेन्सिलीने केलेल्या, मुलांच्या उंचीच्या खुणा दिसू लागतात. घरात मुले दोनच, पण खुणांच्या रांगा तीन. रहस्यकथेत ही चौकट म्हणजे पुरावा असतो. तपास करणारी व्यक्ती खुणांशेजारच्या तारखा पाहील, जन्माच्या नोंदी काढील, जुन्या शेजाऱ्यांना गाठील आणि तिसरे मूल कोण होते व त्याचे काय झाले, हे पायरीपायरीने सिद्ध करील. मानसशास्त्रीय थरारकादंबरीत ती मुलगी आईला विचारते आणि आई भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणते, “त्यांतल्या दोन रांगा तुझ्याच आहेत गं. आजारपणानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो होतो. तुला आठवत नाही?” दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीला ताजा रंग दिलेला असतो. आता प्रश्न तिसऱ्या मुलापुरता उरत नाही. आपल्याला आजारपण का आठवत नाही, आणि आठवत नसेल तर आणखी काय काय आठवत नाही, या विचाराने मुलीच्या पायाखालची जमीन सरकते.

यातली भीती लेखकाने हवेतून आणलेली नसते. स्मृती ही जशीच्या तशी जपलेली नोंद नसून आठवताना ती दरवेळी नव्याने रचली जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. पुढे स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणीचे काही प्रसंग वाचायला दिले. त्यांतला खरेदीसंकुलात हरवल्याचा प्रसंग बनावट होता, पण तो नातेवाइकाने सांगितलेला म्हणून पुढे केला होता. सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवला’. आपल्या लहानपणाचे साक्षीदार घरचेच असतात, त्यामुळे त्यांनी ठरवून एकच खोटे सांगितले तर ते ताडून पाहायला दुसरे कोणी उरत नाही. कौटुंबिक गुपित या कादंबरीप्रकाराला इतके मानवते, ते यामुळेच.

दोन्हींच्या शेवटाकडूनही म्हणूनच वेगवेगळी अपेक्षा ठेवावी लागते. रहस्यकथेत उलगडा झाला की हिशेब पूर्ण होतो आणि एकही दुवा लोंबकळत राहिला तर तो दोष ठरतो. थरारकादंबरीत गुपित पुस्तकाच्या मध्यावरच फुटले तरी बिघडत नाही, कारण ते कळल्यावरही त्याच माणसांबरोबर त्याच घरात राहायचे असते. अर्थात दोन्ही वाटा एकत्र आणणाऱ्या कादंबऱ्याही आहेत.

वेन बूथ या समीक्षकाने १९६१ मध्ये रूढ केलेली ‘अविश्वसनीय निवेदक’, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा कथा सांगणारा, ही संकल्पना इथे उपयोगी पडते, मात्र तिचा गैरवापरही फार होतो. निवेदिकेने सांगितलेले सारे भ्रम होते, असे शेवटच्या प्रकरणात जाहीर करून मोकळे होणे, ही मला वाचकाची फसवणूक वाटते आणि मानसिक आजाराने जगणाऱ्या माणसांवर तो अन्यायही आहे. चांगला लेखक निवेदिकेच्या बोलण्यातच फट ठेवतो. ती एखादा दिवस गाळते, एका व्यक्तीचे नाव घेणे टाळते, कुणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्यांदा वाचताना या जागा पहिल्या प्रकरणापासून सापडत गेल्या, तर लेखकाने आपले काम प्रामाणिकपणे केले आहे, असे मी मानतो.