खेळाडूंचे वेतन : उत्तर अमेरिकी व युरोपीय लीग

उत्तर अमेरिका आणि युरोप येथील व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंचे वेतन ठरविण्याच्या दोन भिन्न पद्धती रूढ आहेत. अमेरिकी लीगमध्ये संघमालक आणि खेळाडूंची संघटना सहसा उत्पन्नाच्या वाटणीची चौकट आधी ठरवतात व प्रत्येकाचा करार तिच्यात बसवला जातो. युरोपीय फुटबॉलमध्ये मात्र क्लब आपल्या ऐपतीप्रमाणे, आणि पुष्कळदा ऐपतीबाहेर जाऊनही, खेळाडूशी स्वतंत्र सौदा करतो.

या फरकाचे मूळ लीगच्या रचनेत आहे. अमेरिकेत तळाला राहिलेला संघही पुढील हंगामात त्याच लीगमध्ये खेळतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून मात्र दरवर्षी तीन क्लब खालच्या श्रेणीत जातात आणि दूरचित्रवाणी हक्कांच्या उत्पन्नाचा मोठा भाग गमावतात. ही घसरण टाळण्यासाठी होणारी धडपड तेथील वेतनवाढीचे एक प्रमुख कारण आहे.

अमेरिकी पद्धतीचे सर्वांत रेखीव रूप एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दिसते. तेथे १९८४-८५ मध्ये प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला ३६ लाख डॉलरची मर्यादा घालण्यात आली; २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती. बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्नापैकी साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा असतो. तो हिशेब जुळावा म्हणून प्रत्येकाच्या वेतनातून काही रक्कम कापून राखून ठेवली जाते आणि हंगामाअखेर, एकूण वेतन ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त झाले असेल, तर तेवढी रक्कम मालकांकडे वळते केली जाते. म्हणजे एखाद्याचा अवाढव्य करार काही अंशी त्याच्या सहखेळाडूंच्या वाट्यातूनच फेडला जातो, ही गोष्ट बातम्यांतील आकड्यांत कधीच दिसत नाही. एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये मर्यादा लादण्यासाठी मालकांनी टाळेबंदी केली आणि २००४-०५ चा संपूर्ण हंगाम वाया गेला. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. ठरावीक रकमेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो.

वेतनावरील बंधन ही मुळात अमेरिकी कल्पना मानली जाते, पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९०१ मध्येच आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातली होती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाचा इशारा दिल्यानंतर १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा ती अवघी २० पौंड होती. लगेच फुलहॅम क्लबने जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड देऊ केले. पुढे १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियन फुटबॉलपटू बोसमन यांच्या खटल्यात, करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाताना हस्तांतर शुल्काची, म्हणजे नव्या क्लबने जुन्या क्लबला द्यायच्या रकमेची, आडकाठी करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे जी रक्कम पूर्वी जुन्या क्लबला मिळाली असती, तिचा मोठा भाग खेळाडूच्या वेतनात येऊ लागला.

सरासरी वेतनाचे तक्ते वाचताना म्हणूनच सावध राहावे लागते. एनबीए संघात नियमित करारावर जास्तीत जास्त १५ खेळाडू असतात, तर एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या संघात ५३. त्यामुळे दुसऱ्या लीगचे उत्पन्न कितीतरी मोठे असूनही सरासरी पहिलीत अधिक निघते. अमेरिकी आकडे करपूर्व असतात. स्पेन व इटलीतील आकडे अनेकदा करोत्तर सांगितले जातात. शिवाय युरोपात पैशाचा एक मोठा प्रवाह खेळाडूपर्यंत पोहोचतच नाही. २०१७ मध्ये फुटबॉलपटू नेमारच्या हस्तांतरासाठी मोजलेले २२ कोटी २० लाख युरो बार्सेलोनाला मिळाले, नेमारला नव्हे. अमेरिकेतील चार मोठ्या लीगमध्ये खेळाडूंची प्रामुख्याने अदलाबदल होते, शुल्काचा असा बाजार नाही.

युरोपही आता बंधनांकडे वळत आहे. स्पेनच्या ला लीगाने क्लबनिहाय खर्चमर्यादा घातली असून, तिच्यामुळेच ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सेलोनाला लिओनेल मेस्सीची नोंदणी करता आली नाही. युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार २०२५-२६ पासून वेतन, हस्तांतर व दलाली यांवरील खर्च क्लबच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत ठेवावा लागतो. हे प्रमाण प्रत्येकाच्या स्वतःच्या उत्पन्नावर बेतलेले असल्यामुळे श्रीमंत क्लबचे श्रेष्ठत्व त्याने ढळत नाही. सर्वांना एकच मर्यादा लावण्याचे अमेरिकी तत्त्व भारतात आयपीएलने मात्र २००८ पासून स्वीकारले आहे.

महिला बास्केटबॉलमध्ये मात्र अमेरिकी लीगपेक्षा अधिक वेतन बराच काळ परदेशी क्लबकडून मिळत असे. अमेरिकेची डायना टॉरासी २०१५ मध्ये मायदेशातील लीगचा हंगाम खेळलीच नाही, कारण तिच्या रशियन क्लबने विश्रांती घेण्यासाठी तिला मायदेशातील लीगच्या वेतनापेक्षा अधिक रक्कम दिली होती.