मुलांमधील गुंतागुंतीचा आंत्रपुच्छदाह : दुर्बिणीची आणि उघडी शस्त्रक्रिया

अपेंडिक्स (आंत्रपुच्छ) सुजून फुटले, सडले किंवा त्याभोवती पू साचला, की तो आंत्रपुच्छदाह गुंतागुंतीचा झाला असे म्हणतात. लहान मुलांत हे वरचेवर घडते. नेमके कुठे दुखते ते चिमुरड्याला सांगता येत नाही. उलट्या-जुलाब पाहून पोट बिघडले असावे असे घरच्यांना वाटते आणि एक-दोन दिवस हातचे जातात. शिवाय फुटलेल्या जागेला वेढून पू अडवणारा आतड्यांवरचा चरबीचा पडदा या वयात आखूड आणि पातळ असतो. त्यामुळे पू पोटभर पसरतो.

अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंदही एका मुलाचीच आहे. १७३५ मध्ये लंडनला क्लॉडियस अमियांड ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचे ऑपरेशन करत असताना टाचणीने भोक पडलेले अपेंडिक्स आत सापडले. त्यांनी ते काढले. भुलीचा शोध लागायला अजून शंभरावर वर्षे होती, तरी मुलगा वाचला.

उघड्या शस्त्रक्रियेत ओटीपोटाच्या उजव्या बाजूला छेद घेतात. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्नायू कापत नाहीत, तंतूंच्या दिशेने फाकवतात. दुर्बिणीचा मार्ग जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवला. यात कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवून सहसा बेंबीतून कॅमेरा आणि आणखी दोन लहान छिद्रांतून अवजारे घालतात.

पू झालेल्या पोटात दुर्बीण घालावी का, यावर बराच वाद झाला. दुर्बिणीनंतर पोटात पुन्हा गळू होण्याचे प्रमाण वाढते, अशी भीती सुरुवातीच्या काही अभ्यासांतून निर्माण झाली. पुढच्या अभ्यासांत हा फरक ठामपणे दिसला नाही. जखम चिघळणे मात्र दुर्बिणीत स्पष्टपणे कमी आढळते आणि मूल घरीही लवकर जाते. मला यातला सर्वांत मोठा फायदा नजरेचा वाटतो. उघड्या शस्त्रक्रियेच्या छोट्या छेदातून यकृताखाली किंवा मूत्राशयामागे लपलेला पू दिसत नाही. कॅमेरा तिथपर्यंत पोहोचतो. फुटलेल्या अपेंडिक्समधून निसटलेला विष्ठेचा टणक खडाही शोधून काढता येतो. तो आत राहिला तर त्याच्याभोवती पुन्हा गळू धरते. पोट सलाइनने धुवावे की पू नुसता ओढून घ्यावा, या प्रश्नावर मुलांमधील चाचण्यांत धुण्याचा वेगळा फायदा दिसलेला नाही.

साधने आणि सराव असेल तिथे मुलांसाठी दुर्बिणीलाच पसंती द्यावी, असे आपत्कालीन शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनेची २०२०ची जेरुसलेम मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही अट महत्त्वाची आहे. उघड्या शस्त्रक्रियेत हात बसलेला सर्जन जवळ असेल, तर अपेंडिक्स फुटलेल्या मुलाला केवळ दुर्बिणीसाठी दूरच्या शहरात हलवण्यात वेळ घालवू नये.

आतडी एकमेकांना चिकटून अपेंडिक्सचे बूड सापडेनासे झाले, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावे लागते. आईवडिलांना वाटते ऑपरेशन फसले. तसे नसते. पोट उघडावे लागण्याची शक्यता संमतिपत्रावर सही घेण्याआधीच त्यांना समजावून सांगायला हवी.